ओसरीवरून : गाळ्याचा क्रमांक आणि पाणिनीचा विकल्प

गेल्या आषाढांतील एका रात्रीची गोष्ट. जेवणें आटोपून आम्ही ओसरीवर बसलों होतों. पाऊस असा लागला होता कीं, समोरच्या कंपाउंडांतील दिवेसुद्धां दिसत नव्हते. इतक्यांत अंगावर प्लास्टिकचें पोतें पांघरलेला एक मनुष्य पायरीशीं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, सात नंबर बिल्डिंगमधला औषधांचा गाळा कुठं आला?"

ज्या वाचकांनीं आमचें दापोडे पाहिलेलें नाहीं त्यांस या प्रश्नाचें गांभीर्य समजावयाचें नाहीं, म्हणून चार शब्द सांगतों. हें गांव भिवंडी तालुक्यांत, मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाक्याजवळ आहे. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां गोदामेंच गोदामें उभीं आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या उंबरठ्याशीं, अशी ही जागा व्यापाऱ्यांस सोयीची वाटली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. परंतु गोदामें गेलीं नाहींत, उलट वाढलीं. आपण घरबसल्या मोबाइलवरून मागविलेला कुकर किंवा नातवाचें दप्तर कदाचित् एखादी रात्र आमच्या शेजारीं काढून आलेलें असेल. एका कंपाउंडांत अनेक बिल्डिंगा, एकेका बिल्डिंगेंत अनेक गाळे, आणि सर्वांचा चेहरामोहरा एकच : वर पत्रा, पुढें लोखंडी शटर. दिवसाउजेडीं चुकावें अशी ती रचना. मग पावसांतल्या रात्रीची गोष्टच नको.

तो मनुष्य संगमनेराकडून औषधांचीं खोकीं घेऊन आलेला टेम्पोचालक होता. दुपारीं दोन वाजतां तो बिल्डिंग सातच्या पहिल्या गाळ्यापुढें पोंचला. तेथील मुकादमानें, 'हा माल आमचा नव्हे' म्हणून त्यास परत लाविलें. मग तो या शटरापासून त्या शटरापर्यंत हिंडत राहिला. संध्याकाळीं हमालांची पाळी संपली आणि माल उतरविणारेंच कोणी उरलें नाहीं. दुसरे दिवशीं पहांटे त्याला कल्याणहून परतीचा माल भरावयाचा होता. तो आतां हातचा गेला होता. आम्हांस मात्र त्या वेळीं मास्तरकीची उबळ आली. पस्तीस वर्षें हातांत खडू धरलेल्या मनुष्याचा स्वर निवृत्तीनंतरही जात नाहीं. आम्ही म्हणालों, "अहो, पत्ता नीट वाचून निघावें. अर्धवट वाचलें म्हणजे असें होतें."

त्यानें कांहीं न बोलतां मोबाइल आमच्यापुढें धरला. त्यावर स्वच्छ अक्षरांत होतें : बिल्डिंग ७, गाळा १.

आमच्या धाकट्या सूनबाई घरीं बसून संगणकाचें काम करतात. गोदामांतील मालाचा हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीचे प्रोग्राम त्या लिहितात. आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, मोबाइल हातांत घेतला, पडद्याच्या वरच्या टोकास जो बारीक पत्ता असतो तो निरखून पाहिला, आणि एकाएकीं ओसरीच्या कडेवर बसल्या. "मामंजी, ह्यांनीं बरोबर वाचलें. पत्त्यांत गाळाच नाहीं. आणि हें पान मीं लिहिलेलें आहे."

त्या रात्रीं तो गृहस्थ आमच्याच ओसरीवर निजला. पिठलें-भाकरी झाली, चहा झाला. परंतु आम्हांस झोंप आली नाहीं. निरपराध मनुष्यास आपण शहाणपण शिकविलें ही टोंचणी होतीच. शिवाय पत्त्यांत जी गोष्ट नाहीं ती पडद्यावर आली कोठून, हें कोडें सुटेना. दुसरे दिवशीं सकाळीं सूनबाईंच्या शेजारीं खुर्ची ओढून आम्ही विद्यार्थी झालों. आम्ही अकरावीच्या मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. संस्कृत तेवढें पाठशाळेंत शिकलों. तेव्हां जें समजलें तें आमच्या भाषेंत सांगतों.

जाळ्यावरील प्रत्येक पानास एक पत्ता असतो. टिम बर्नर्स-ली यांनीं त्याची जी पद्धत घातली ती १९९४ च्या डिसेंबरांत लेखी नियमांत बांधली गेली. त्यांत तिरप्या रेघांनीं भाग पाडलेले असतात आणि ते मोठ्याकडून लहानाकडे जातात. पाकिटावर आपण आधीं व्यक्तीचें नांव, मग घर, मग गांव, मग जिल्हा लिहितों, येथें उलट. आम्हांस यांत कांहींच नवल वाटलें नाहीं, कारण रोजच्या संकल्पांत आपण तेंच करतों : कल्प, मन्वंतर, युग असें काळाच्या अंगानें, आणि द्वीप, वर्ष, देश असें स्थळाच्या अंगानें उतरत उतरत यजमानाच्या पाटापर्यंत येऊन पोंचतों. सूनबाईंच्या पानाचा पत्ता असाच होता. मराठींत लिहावयाचा तर /गोदाम/७/१२, म्हणजे गोदामांपैकीं सातवी बिल्डिंग, तींतील बारावा गाळा.

पूर्वीं असा प्रत्येक पत्ता मागितला म्हणजे दूरच्या संगणकाकडून, ज्याला सर्व्हर म्हणतात त्याकडून, वेगळें पान येत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं एकच पान एकदां येतें आणि त्याच्या पोटांतील प्रोग्राम पुढचीं सर्व दृश्यें पालटीत राहतो; नाटक कंपनीनें एकाच रंगमंचावर पडदे बदलावे तसें. पडदा बदलला कीं वरचा पत्ताही तोच प्रोग्राम बदलून लिहितो. कोणता पत्ता आला असतां कोणता पडदा सोडावयाचा, हें ठरविणाऱ्या भागास राउटर म्हणतात. त्याच्यापाशीं सूत्रांची यादी असते. आलेला पत्ता एकेका सूत्राशीं ताडून पाहावयाचा, एवढेंच त्याचें काम. सूत्रांत जो भाग बदलता असेल त्याच्यामागें अपूर्णविराम घालतात, आणि जो भाग असला तरी चालेल, नसला तरी चालेल, त्याच्यापुढें प्रश्नचिन्ह. सूनबाईंचें सूत्र होतें : /गोदाम/:बिल्डिंग/:गाळा?

शेवटचें तें प्रश्नचिन्ह पाहतांच आम्हीं म्हटलें, "अग, ही तर विभाषा!"

पाणिनीच्या अष्टाध्यायींत विकल्प सांगावयाचा असेल तेव्हां कोठें 'वा', कोठें 'विभाषा', तर कोठें 'अन्यतरस्याम्' असे शब्द येतात. टीकाकारांनीं हे सगळे एकाच अर्थाचे मानले, आणि आम्हीही पाठशाळेंत तसेंच शिकलों. परंतु पॉल किपार्स्की या अमेरिकेंतील भाषापंडितानें १९७९ सालीं एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं, हे तीन शब्द निराळे आहेत : 'वा' म्हणजे झालें तर अधिक बरें, 'विभाषा' म्हणजे न झालें तर अधिक बरें, आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखेंच. शि. द. जोशी यांनीं संपादिलेला हा ग्रंथ पुणें विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्रानें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेच्या (एमआयटी) मुद्रणालयाबरोबर प्रसिद्ध केला. सर्वच पंडितांस तें मत मान्य झालें असें नाहीं. परंतु 'ऐच्छिक' हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटांत निरनिराळे हेतु असूं शकतात, एवढें तर त्यावरून दिसतेंच.

सूनबाईंच्या प्रश्नचिन्हाच्या पोटांत कोणता हेतु होता? त्या म्हणाल्या, "खरें सांगूं? मला एक सूत्र वांचवावयाचें होतें." म्हणजे शुद्ध लाघव. गाळ्यासह एक आणि गाळ्याविना एक अशीं दोन सूत्रें लिहिण्याऐवजीं प्रश्नचिन्ह घालून एकांत भागविलें. रिॲक्ट राउटर म्हणून जें साधन पुष्कळ लोक वापरतात, त्याच्या २०२१ सालच्या सहाव्या आवृत्तींतून ही प्रश्नचिन्हाची सोय काढून टाकली होती. लोकांनीं ओरड केली आणि २०२२ च्या डिसेंबरांत ती परत आणावी लागली. मात्र आंत काय होतें तें पाहण्याजोगें आहे. एक विकल्प घातला तर यंत्र त्याचीं दोन सूत्रें उलगडून घेतें, दोन घातले तर चार, तीन घातले तर आठ. लिहिणाऱ्याचें लाघव होतें. पोटांतला पसारा असतो तेवढाच राहतो, आणि त्यांतील प्रत्येक रूपाचें काय करावयाचें याचा विचार कोणी तरी करावाच लागतो. सूनबाईंनीं एका रूपाचा विचार केला होता. दुसऱ्या रूपासाठीं, म्हणजे गाळा आलाच नाहीं तर, त्यांनीं एक शब्द टाकून दिला होता : १. काहींतरी असावें म्हणून.

आणि कंपनींतील कोणी तरी त्या चालकास लिंक पाठवितांना शेवटचा आंकडा गाळला. पानानें तक्रार केली नाहीं, विचारलें नाहीं. मुकाट्यानें १ धरला आणि ठळक अक्षरांत दाखविला.

येथें आम्हीं सूनबाईंची बाजू घेतली. आम्ही म्हणालों कीं, न दिलेल्या गोष्टीच्या जागीं एक ठराविक गोष्ट धरणें ही कांहीं अधर्म्य रीत नव्हे. ज्यास आपलें गोत्र ठाऊक नाहीं त्यानें काश्यप म्हणावें, हा आपल्याकडे संकेतच आहे. सूनबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पण मामंजी, मग खरे काश्यप कोणते आणि ठाऊक नाहीं म्हणून काश्यप झालेले कोणते, हें पुढच्या पिढीला कसें कळावें?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सोयरीक जुळवितांना सगोत्र आहे म्हणून मोडलेलीं किती लग्नें खरोखर सगोत्र होतीं, हा विचार त्या दिवसापर्यंत आमच्या मनास शिवलाही नव्हता. घरांतील वडीलधाऱ्यांनीं यावर रागावूं नये. आम्ही संकेत मोडावयास सांगत नाहीं. परंतु सूनबाईंचें म्हणणें बिनतोड आहे. गृहीत धरलेली किंमत जर खऱ्या किंमतीसारखीच दिसत असेल तर ती गृहीत आहे हें कोणासच समजत नाहीं. पहिला गाळा हा खराखुरा गाळा होता. तेथें शटर होतें, मुकादम होता. म्हणूनच तो मनुष्य चार तास फसला. पडद्यावर 'गाळा ०' असें कांहीं आलें असतें तर त्यानें लगेच फोन केला असता.

पाणिनीचा 'लोप' या बाबतींत शहाणा आहे. एखादा प्रत्यय लुप्त झाला तरी त्याची जागा पुसली जात नाहीं. येथें कांहीं होतें आणि आतां दिसत नाहीं, ही आठवण ठेवून पुढचें कार्य होतें. सूनबाईंनीं सांगितलें कीं, संगणकांतही तशी सोय आहे : न आलेल्या पॅरामीटरची किंमत 'अनिश्चित' अशी वेगळी कळते. ती शून्य नव्हे, एक नव्हे, रिकामी अक्षरपंक्तीही नव्हे. ती कळत असतांना तिच्यावर घाईनें १ लिहिणें म्हणजे लोपाची जागा खरवडून काढणें.

आतां दुसरा एक घोळ सांगतों. मूळ सूत्रांत पूर्वीं बिल्डिंग आणि गाळा या दोहोंपुढेंही प्रश्नचिन्ह होतें, म्हणजे /गोदाम/:बिल्डिंग?/:गाळा? असें. समजा, पत्ता आला /गोदाम/१२. हे बारा कोण? बिल्डिंग कीं गाळा? राउटर बिचारा पहिल्या रिकाम्या जागीं त्यास बसवितो आणि बिल्डिंग समजतो. पाठविणाऱ्याच्या मनांत गाळा असला तरी त्यास तें कळण्याचा मार्ग नाहीं. तिरप्या रेघांमधील शब्दाचा अर्थ त्याच्या जागेवरून ठरतो. इंग्रजी वाक्यासारखें आहे हें : कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली कीं अर्थ उलटतो. म्हणून लागोपाठ दोन ऐच्छिक भाग ठेवूं नयेत. आणि ठेवावयाचा तो एक अगदीं शेवटीं ठेवावा.

यावर तोड पत्त्याच्याच दुसऱ्या अंगांत आहे. पत्ता संपल्यावर प्रश्नचिन्ह घालून पुढें नांवानिशीं गोष्टी लिहितां येतात : /गोदाम/७?दिनांक=१२&पान=२. (सूत्रांतलें प्रश्नचिन्ह निराळें आणि पत्त्यांतलें हें प्रश्नचिन्ह निराळें. एकाच चिन्हास दोन कामें दिल्यामुळें शिकणाऱ्यांचा गोंधळ होतो. आमचाही तासभर झाला.) येथें पान आधीं लिहा कीं दिनांक आधीं लिहा, प्रत्येकाच्या कपाळीं त्याचें नांव असल्यामुळें अर्थ बिघडत नाहीं. आम्हांस हें पाहून मोठा आनंद झाला. ही तर संस्कृताची विभक्ति! प्रत्यय शब्दाला चिकटलेला असला म्हणजे शब्द वाक्यांत कोठेंही बसो. सूनबाईंस आम्हीं तसें सांगितलें तेव्हां त्या हंसल्या. शाळेंत शंभर गुणांचें संस्कृत घेऊनही ही गोष्ट कधीं लक्षांत आली नव्हती असें म्हणाल्या.

मग कोणतें तिरप्या रेघेंत घालावें आणि कोणतें प्रश्नचिन्हापुढें? यावर आमचा बराच खल झाला. शेवटीं आम्ही डाकेच्या पत्त्यावरून विचार केला. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन कोड सुरू झाला. तो बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यांतील अधिकारी आणि संस्कृत कवि व नाटककार होते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. दापोड्याचा क्रमांक ४२१३०२. पहिल्या चारानें महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा विभाग कळतो. पहिले तीन आंकडे मिळून टपालवर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन मिळून डाकघर. या सहांत एकही आंकडा ऐच्छिक नाहीं. एक गाळला तर क्रमांकच नव्हे. तो बरोबर असला म्हणजे मात्र 'जिल्हा ठाणें' हे शब्द राहिले तरी पत्र अडत नाहीं. म्हणजे ज्याच्याविना वस्तूच ओळखतां येत नाहीं तें अंग निराळें, आणि ज्यानें केवळ सोय होते तें अंग निराळें. गाळा हा पहिल्या प्रकारचा. तो रेघेंतच हवा आणि चालकास पाठवावयाच्या लिंकेंत तो सक्तीचा हवा. यादी तारखेनें लावावयाची कीं नांवानें, दुसरें पान पाहावयाचें कीं तिसरें, हीं नुसतीं पाहण्याचीं तऱ्हा. तीं प्रश्नचिन्हापुढें सुखानें ऐच्छिक राहोत, आणि नसलीं तर पहिलें पान धरावें. तेथें १ धरल्यानें कोणाचा टेम्पो अडकत नाहीं.

(डाक विभागानें २०२५ सालच्या मे महिन्यांत डिजिपिन म्हणून दहा अक्षरांचा संकेत काढला आहे. सुमारें चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाचा तो पत्ता. आमच्या गाळ्यांस तो फार उपयोगी पडेल असें वाटतें. मात्र मजला कोणता हें त्यांतून कळत नाहीं.)

अशा रीतीनें सूनबाईंनीं सूत्रें पुन्हां लिहिलीं, आणि या खेपेस लाघव सोडून दोन वेगळीं लिहिलीं. गाळा आला तर त्या गाळ्याचें पान. गाळा आला नाहीं तर बिल्डिंगेंतील सर्व गाळ्यांची यादी, वर प्रश्न : 'कोणता गाळा?' आणि आलेला गाळा अस्तित्वांतच नसला, कोणी ९९ लिहिला, तर 'असा गाळा नाहीं' असें स्पष्ट उत्तर. पूर्वीं या तिन्ही गोष्टींस एकच उत्तर होतें.

एक बारीक अडचण मागाहून निघाली. नवा गाळा नोंदविण्याचें पान /गोदाम/७/नवीन या पत्त्यावर होतें, आणि राउटर 'नवीन' हाच गाळ्याचा क्रमांक समजून 'असा गाळा नाहीं' म्हणूं लागला. जुन्या पद्धतीच्या राउटरांत जें सूत्र यादींत आधीं तेंच चालतें. तेव्हां विशेष सूत्र सामान्य सूत्राच्या वर लिहावें लागतें. नव्या कांहीं राउटरांत विशेष सूत्र कोठेंही असलें तरी तेंच बलवान् ठरतें. अपवादानें उत्सर्गाला बाधावें, हें आम्हांस समजावून सांगण्याचें सूनबाईंस कारण पडलें नाहीं. तसेंच पान पुन्हां ताजें केलें असतां सर्व्हरानें, असलें पान माझ्यापाशीं नाहीं, म्हणून हात झाडूं नयेत याची तजवीज सर्व्हराकडे करून ठेवावी लागते. ती आधींपासूनच होती.

हें सर्व होण्यास चार दिवस लागले. त्या चालकाचा मात्र एक दिवस गेला तो गेलाच. सकाळीं आम्ही स्वतः छत्री घेऊन त्याच्याबरोबर गेलों. माल अकराव्या गाळ्याचा निघाला. सूनबाईंनीं कंपनीस पत्र लिहून चूक आपली असल्याचें कळविलें आणि त्याच्या खोळंब्याचे पैसे द्यावे अशी विनंती केली. कंपनीनें, लिंक अर्धवट पाठविणारा मनुष्य आमचा नव्हे, असें उत्तर दिलें. तेव्हां सूनबाई आपल्या पदरचे देऊं लागल्या. ते त्यानें घेतले नाहींत. "ताई, रात्रीचं जेवण झालं ना," एवढेंच म्हणाला. आमच्या त्या वाक्याबद्दल आम्हीं त्याची क्षमा मागितली, तेव्हां तो आमच्याहून अधिक संकोचला.

भाद्रपदांत तो पुन्हां आला. या वेळीं वाट चुकून नव्हे. गाळ्यावर माल उतरवून, उजेडीं. मोबाइल उघडून त्यानें सूनबाईंस दाखविलें : कोणी पुन्हां आंकडा गाळून लिंक पाठविली होती, आणि पानानें त्यास यादी पुढें करून प्रश्न विचारला होता. "विचारलं ते बरं केलं ताई," तो म्हणाला, "पण यादी इंग्रजीत हाये. माझ्या पोराला फोन करून वाचून घेतली."

यादी मराठींत करणें अवघड नाहीं. परंतु पत्ताही मराठींत करावा असें आम्ही सुचवितांच सूनबाईंनीं डोक्यास हात लाविला. जाळ्यावर पाठवितांना देवनागरींतील एकेका चिन्हाचे तीन टक्केवारीचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा तीन अक्षरांचा. 'दापोडे' या नांवांत काना, मात्रा धरून सहा चिन्हें, म्हणजे चोपन्न अक्षरांची माळ. ती व्हॉट्सॲपवर पाहून चालक पुन्हां आमच्या ओसरीवर येईल अशी त्यांस भीति वाटते. तूर्त यादी मराठी, पत्ता आंकड्यांत, असें ठरलें आहे. गाळेधारकांचीं नांवें शुद्ध मराठींत लिहून देण्याचें काम आमच्याकडे आलें असून, आज सकाळपर्यंत त्रेचाळीस झालीं.